दोन पेठांची एक वही

श्री मैदानदेवता समर्थ. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध पक्षी, दसऱ्याचे दुसरे दिवशी, आदितवारी, आमच्या राज्यात सॉफ्टबॉलचे जे तुंबळ युद्ध जाहले आणि त्या युद्धाच्या धावा एकाच वहीत लिहिल्या गेल्या, त्याची साद्यंत हकीकत लिहून काढावी, अशी आज्ञा पंच कवडे मास्तर यांनी सेवकास केली. त्यावरून सेवकाने डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकिले तितके लिहिले आहे. पदरचे काही घालू नये, अशी मास्तरांची सक्त ताकीद. ही ताकीद सेवकासच का द्यावी लागली त्याचा खुलासा शेवटी येईल, आणि तो सेवकास फारसा शोभणारा नाही.

राज्यात पेठा दोन. एक थोरली, एक धाकटी. मध्ये मैदान, आणि मैदानाच्या कडेला एक चिंच, तिची सावली दुपारी सतरंजीएवढी पडते. बावीस वर्षांमागे कवडे मास्तर शाळेत कवायत शिकवीत असत, ते कोठल्याशा जिल्ह्याच्या स्पर्धेस गेले आणि येताना एक पत्र्याची पेटी घेऊन आले, आणि पेटीत दांडे, चामड्याचे पंजे आणि नारिंगाएवढे चेंडू निघाले. मग मास्तरांनी दोन्ही पेठांस हा खेळ शिकविला. खेळाची रीत ऐसी की, एका पक्षाचे नऊ असामी मैदानात पसरतात, त्यांचा गोलंदाज खालून हात फिरवून चेंडू टाकतो, दुसऱ्या पक्षाचा फलंदाज तो दांड्याने उडवितो आणि दांडा टाकून पळत सुटतो, आणि पहिले ठाणे, दुसरे ठाणे, तिसरे ठाणे अशी तीन ठाणी घेऊन घरी परत येतो, तेव्हा एक धाव होते. घर म्हणजे जमिनीत पुरलेला पांढरा पाट. तीन बाद झाले की पक्ष बदलतो, आणि असे सात डाव होतात. जो पक्ष जिंकतो त्यास पितळी घंगाळ मिळते आणि वर्षभर चिंचेच्या सावलीत बसण्याचा मान मिळतो. घंगाळ कोणी वापरीत नाही. सावलीसाठी मात्र माणसे इरेला पेटतात.

ऐसे एकोणीस वर्षे सुखाने चालले असता विसाव्या वर्षी बिघाड जाहला. तो ऐसा की, धावा लिहावयास दोन लेखक बसत, एक थोरल्या पेठेचा, एक धाकट्या पेठेचा, आणि दोघांच्या वह्या निरनिराळ्या. सामना संपला तेव्हा थोरल्यांच्या वहीत थोरले चौदा आणि धाकटे तेरा, आणि धाकट्यांच्या वहीत धाकटे चौदा आणि थोरले तेरा. मग बोलाचाली जाहली, आणि बोलाचालीतून हमरीतुमरी, आणि घंगाळाचा एक कान एकाच्या हाती आणि दुसरा कान दुसऱ्याच्या, अशी ओढाताण होऊन घंगाळास पोचा पडला तो आजतागायत आहे. पुढील दोन वर्षेही तोच प्रकार घडला. दोन्ही पेठांचे बोलणे बंद जाहले. चिंचेच्या सावलीत कोणीच बसेना, शेळ्या बसू लागल्या.

या भांडणाचा ताप सर्वांत अधिक कोणास जाहला म्हणाल तर कालिंदीबाईस. कालिंदीबाई ही थोरल्या पेठेचे सेनापती विठोजीतात्या यांची थोरली सून, आणि धाकट्या पेठेचा सेनापती मार्तंडराव याची सख्खी थोरली बहीण. म्हणजे माहेर धाकट्या पेठेत आणि सासर थोरल्या पेठेत, मध्ये मैदान, चालत गेले तर तीनशे पावले. परंतु तीन वर्षे मार्तंडराव ती तीनशे पावले चालून आला नाही. भाऊबीजेस तो यायचा नाही, आणि सासरहून हिला जाऊ द्यायचे नाहीत, मग कालिंदीबाई संध्याकाळी तबक घेऊन गच्चीवर जाई आणि चंद्राला ओवाळून खाली येई. चंद्राला ओवाळतात त्या भाऊ नसलेल्या बाया. हिचा भाऊ तर गच्चीवरून दिसत असे, आपल्या अंगणात पणत्या लावताना. सेवकाचे घर शेजारीच असल्यामुळे सेवकाने हे तिन्ही वर्षे पाहिले आणि सेवकास वाईट वाटले, हे येथे स्पष्ट लिहितो.

मग चौथ्या वर्षी श्रावणात कवडे मास्तरांनी दोन्ही सेनापतींस मारुतीच्या पारावर बोलाविले आणि निर्वाणीचे सांगितले की, दोन वह्या म्हणजे दोन सामने, आणि दोन सामन्यांस पंच होण्याचे आपले वय राहिले नाही. यंदा वही एक, लेखक एक, आणि शेवटी त्या वहीवर दोघांच्या सह्या. सह्या न जाहल्या तर पेटी कुलूप घालून शाळेस परत. यावर दोघे सेनापती एकमेकांकडे न पाहता म्हणाले की वही एक होईल, पण लेखक कोण? थोरल्यांचा धाकट्यांस चालेना आणि धाकट्यांचा थोरल्यांस चालेना. तेव्हा मास्तरांनी कालिंदीबाईचे नाव काढिले. जिला एकीकडे माहेर आणि दुसरीकडे सासर, तिला कोणाची बाजू घेणे परवडेल? मसलत चतुराईची होती, परंतु पारावर हशा पिकला. कारण कालिंदीबाईचे बोलणे राज्यात मशहूर. बाई भाजीस निघाली तर कोथिंबिरीच्या जुडीपाठी चार घरच्या बातम्या देई आणि पाच घरच्या घेई. आणि धावा लिहिणाराने मैदानावर तोंड उघडू नये, हा मास्तरांचा जुना दंडक.

तरी कालिंदीबाईने पद पतकरले. त्या पदास धावनवीस असे नाव देण्यात आले. मास्तरांनी महिनाभर तिला वही शिकविली. वहीत दर फलंदाजाच्या नावापुढे चौकटी, दर चौकटीत एक बारीक समभुज चौकोन, फलंदाज पहिल्या ठाण्यास पोचला की एक बाजू काढायची, दुसऱ्यास पोचला की दुसरी, आणि घरी आला की चारी बाजू पुऱ्या करून आतून भरायची. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईस यात अवघड ते काय, दहा दिवसांत तिने ती विद्या हस्तगत केली. मग मास्तरांनी तीन कायदे सांगितले. घडले ते लिहावे. घडले तेव्हाच लिहावे. आणि तिसरा कायदा असा की, फलंदाजीचा क्रम आधी कागदावर ठरतो, तो चुकवून कोणी भलताच दांडा घेऊन उभा राहिला, तर धावनवीसाने कोणास सुचवू नये, खूण करू नये, खाकरूही नये. चूक त्याच पक्षाने वेळीच ओळखली आणि माणूस बदलला तर काही बिघडत नाही. फटका मारून होईपर्यंत ओळखली नाही आणि समोरच्याने तक्रार केली, तर ज्याचा खरा क्रम होता तो बाद, आणि त्या फटक्यावरच्या धावा रद्द. समोरच्यानेही तक्रार केली नाही तर झाले ते झाले. मात्र कोणताही सेनापती वही पाहू म्हणाला तर त्यास उघडून दाखवावी.

कालिंदीबाईस हा तिसरा कायदा घशाखाली उतरेना. ती म्हणाली, "चूक दिसली आणि बोलायचं नाही? मग मास्तर, मला डोळे कशाला दिलेत देवानं?"

मास्तर म्हणाले, "लिहायला, कालिंदी. तोंड दुसऱ्या दिवशी वापर."

मग तिने आपल्यापुरता तोडगा काढिला. सामन्याच्या दिवशी दाढेखाली एक लवंग धरायची, आणि बोलावेसे वाटले की ती चावायची. सामन्याच्या सकाळी पुरचुंडीत आठ लवंगा बांधून ती मैदानी दाखल जाहली. आठ पुरतील की नाही यावर दोन्ही पेठांत पैजा लागल्या होत्या.

आता युद्ध ऐकावे. चिंचेखालच्या शेळ्या हुसकून तेथे मेज मांडिले, मेजावर वही, वहीपाशी कालिंदीबाई, आणि मेजाच्या दोन्ही अंगांस दोन हातांवर दोन बडतर्फ लेखक, पैकी एक सेवक. आम्हांस लिहावयाची बंदी, पाहावयाची मुभा. थोरल्या पेठेकडून विठोजीतात्या स्वतः दांडा घेऊन उतरले. तात्यांचे वय चौसष्ट, धावणे बेताचे, परंतु फटका असा की चेंडूस घरची आठवण यावी. त्यांच्या पक्षात यंदा नवे हत्यार दाखल जाहले होते, ते म्हणजे तात्यांची धाकटी सून शर्वरी. लग्नास आठ महिने. कॉलेजात असता मोठ्या, सरकारी राज्याच्या संघातून खेळलेली. तिला पाहावयास गेले तेव्हा तात्यांनी स्वयंपाकाचे न विचारता पहिल्या ठाण्यापर्यंत किती वेळात पोचतेस हे विचारिले, अशी वदंता आहे. कागदावर क्रम लिहिला तो शर्वरी चौथी आणि तात्या पाचवे. यासाठी मुलांनी तात्यांची फार मनधरणी केली, कारण तात्यांचा क्रम बावीस वर्षे पहिला होता, वयाच्या मानाने.

पहिल्या डावात धाकट्यांनी चार धावा केल्या आणि थोरल्यांनी तीन. दुसऱ्यात मार्तंडरावाने चेंडू असा भिरकाविला की तो धोंडूशेठच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांत पडला, आणि पापडांचा पंचनामा होईपर्यंत खेळ थांबला. तिसऱ्या डावात जुने दुखणे उपटले. थोरले म्हणू लागले आमच्या सहा, धाकटे म्हणू लागले तुमच्या पाच, आणि दोन्हीकडून बाह्या वर गेल्या. पंचांनी वहीकडे बोट केले. मग कालिंदीबाईने लवंग गालात सरकविली आणि थोरल्यांच्या धावा नावानिशी वाचून दाखविल्या, कोण कोठल्या ठाण्यावर कसा पोचला, कोणाच्या फटक्यावर घरी आला, एकूण पाच. सहावा जो धरीत होते तो तिसऱ्या ठाण्यावर चप्पल शोधीत असता बाद जाहला होता. ते ऐकून तो इसम स्वतःच म्हणाला की हो, आपण चप्पल शोधीत होतो. बाह्या खाली आल्या. तीन वर्षांत प्रथमच दोन्ही पेठा एका आकड्यावर गप्प बसल्या, आणि आम्ही दोघे लेखक एकमेकांकडे पाहू लागलो, कारण धावा इतक्या सहज मोजता येतात हे लोकांस कळले तर आमच्या मागच्या वह्यांचे काय व्हावे?

ऐसे करिता करिता सातवा डाव आला. धाकट्यांच्या धावा अकरा होऊन त्यांचे फलंदाज संपले. थोरल्यांच्या दहा, आणि त्यांचा शेवटला डाव चालू. दोन बाद जाहले. दुसऱ्या ठाण्यावर एक माणूस, तिसऱ्या ठाण्यावर एक माणूस. एक चांगला फटका बसला की दोघे घरी, थोरले बारा, फत्ते. तिसरा बाद जाहला की धाकट्यांची फत्ते. क्रम शर्वरीचा. मैदानात चिमणीचा आवाज ऐकू येईना.

आणि नेमका तेव्हाच चहा आला. चहा आल्यावर युद्ध थांबावे हा आमच्या राज्याचा रिवाज फार जुना, त्यास पंचही काही करू शकत नाहीत. कालिंदीबाईच्या सासूबाईंनी पातेले आणविले होते, भांडण असले तरी चहा दोन्ही पक्षांस सारखाच. धाकटे पंजे काढून बशीत फुंकू लागले. थोरले सतरंजीवर बसले. तात्यांनी दोन कप घेतले, आणि चहाची तरतरी आली, आणि मनात आले की आज आपल्याच हातून विजय व्हावा असा योग दिसतो. मग सर्व पुन्हा आपापल्या जागी गेले आणि तात्या दांडा उचलून उठले. शर्वरीही उठली होती. तिचे एक पाऊल पुढे पडले होते. परंतु समोरून सासरे दांडा घेऊन निघालेले पाहताच तिचा हात डोक्याकडे पदर घ्यावयास गेला. अंगात खेळाचा पोशाख, पदर कोठून सापडणार. ती दोन पावले मागे सरली आणि म्हणाली, "आधी तुम्ही, तात्या."

आठ महिने ती हेच म्हणत आली होती. नळावर, दारात, पाटावर. घरच्यांना त्यात काही वावगे दिसले नाही. उलट चार बायांनी सून वळणाची आहे असे म्हटले. धाकट्यांपैकी कोणाच्या ध्यानी आले नाही, कारण त्यांचे लक्ष अजून बशीत. ज्याच्या त्याच्या डोळ्यांस सून सासऱ्यांस मान देताना दिसली, आणि क्रम चुकताना दोघींसच दिसला. एक शर्वरी. ती राज्याच्या संघातून खेळलेली, तिला कायदा पाठ. परंतु लग्नाच्या पहिल्या वर्षी सासऱ्यांस खाली बसा कसे म्हणावे? आणि दुसरी कालिंदीबाई.

कालिंदीबाईने वहीवर बोट ठेवले. चौथे नाव शर्वरी. पाचवे नाव तात्या. तिने मान वर केली आणि दोघी जावांची नजरानजर जाहली. तेवढ्यात पहिला चेंडू आला, तात्यांनी दांडा फिरविला, चेंडू निसटला. अजून वेळ होती. एक शब्द पुरे होता. तात्या, शर्वरीचा नंबर आहे, एवढे म्हटले असते की तात्या मागे फिरते, शर्वरी उभी राहती, आणि तिने त्या दिवशी आधीच्या चारही खेपांस चेंडू कुंपणास लाविला होता. म्हणजे सासर जिंकते. बाईने लवंग चावली. दुसरा चेंडू लांबून गेला, तात्यांनी सोडून दिला. बाईने दुसरी लवंग चावली. तिचा चेहरा तांबडा लाल जाहला, तेव्हा सासूबाई पातेले टाकून धावल्या आणि पित्त झाले का म्हणून पुसू लागल्या. बाईने मान हलविली. पुरचुंडीत एक लवंग उरली.

तिसरा चेंडू तात्यांनी असा हाणिला की दुसऱ्या आणि तिसऱ्या ठाण्यांमधून तो जो सुटला तो थेट हौदापाशी जाऊन थांबला. दोन्ही माणसे घरी आली. तात्या कमरेवर हात देऊन पहिल्या ठाण्यास पोचले आणि तेथेच बसकण मारली. थोरल्या पेठेने एकच गिल्ला केला, हलगी वाजू लागली, पोरांनी घंगाळ डोक्यावर घेतले. आणि कालिंदीबाईने लिहिले. तात्यांच्या चौकटीत पहिल्या ठाण्याची एक बाजू काढिली. दोघा धावकांच्या चौकटी पुऱ्या करून भरल्या. शर्वरीच्या नावापुढली चौकट कोरी ठेविली. ती रेघ एक बोट वर ओढली असती, म्हणजे शर्वरीच्या चौकटीत, तर वही पाहणारास काडीचाही संशय येता ना. सेवकाने मेजाशेजारून हे पाहिले, आणि सेवक त्या जागी असता तर रेघ कोठे ओढता, हे सेवकास पक्के ठाऊक आहे.

इकडे मार्तंडराव मैदानात मान खाली घालून उभा. त्याचे लोक म्हणू लागले की वही सासरच्या बाईची, काय सही करायची? तो चालत मेजापाशी आला, आणि तीन वर्षांत प्रथमच बहिणीच्या समोर उभा राहिला. कायदा असा की, डाव संपला तरी पंच मैदानातून बाहेर पडेतो तक्रार करता येते. पंच अजून मैदानातच होते. कवडे मास्तरांची सवय की सामना संपला की खिशातून ब्रश काढून घरचा पांढरा पाट स्वहस्ते झाडायचा. एरवी हे काम दहा ब्रशांत उरकते. त्या दिवशी मास्तर पाट असा झाडीत होते की जणू लग्नास लागणार आहे. पंचानेही सुचवायचे नसते, हा कायदा सेवकास मागाहून कळला.

मार्तंडराव म्हणाला, "ताई, वही दाखव."

तिने वही त्याच्याकडे फिरविली आणि आपण चिंचेकडे पाहू लागली. त्याने पहिल्या डावापासून बोट फिरवीत आणिले. सातव्या डावात बोट थांबले.

"ही चौकट कोरी का?"

बाई चिंचेकडेच पाहत राहिली.

"ताई, बोल की. मी विचारतोय."

तिचे डोळे भरून आले, ते लवंगेने की कशाने हे लिहिता येत नाही. तिने पुरचुंडी सोडिली, उरलेली आठवी लवंग काढिली आणि दाढेखाली धरिली. मार्तंडरावाने पुन्हा वहीत पाहिले, मग मान वर करून मैदानात पाहिले. सारी थोरली पेठ नाचत होती, आणि शर्वरी एकटी दांडा हाती घेऊन जागेवर उभी होती, न खेळलेली. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो पांढऱ्या पाटाकडे धावला.

मास्तरांनी तक्रार ऐकिली, ब्रश खिशात ठेविला आणि गुडघ्यावर हात देऊन उभे राहिले. म्हणाले, "आणखी झाडायला धूळ उरली नव्हती रे." मग त्यांनी हात वर करून फर्माविले की, क्रम शर्वरीचा होता, सबब शर्वरी बाद, दोन्ही धावा रद्द, धाकटे अकरा, थोरले दहा, युद्ध समाप्त.

हलगी मध्येच थांबली. थोरल्या पेठेत एकच कल्लोळ उठला, आणि दोघे तिघे बोलून गेले की सुनेने माहेर राखले. तो शब्द तात्यांच्या कानी गेला. तात्या पहिल्या ठाण्यावरून उठले आणि तडक मेजावर चालून आले. मागे सारी पेठ. कालिंदीबाई उठून उभी राहिली. तिला वाटले आता सासरही गेले आणि माहेरही, आणि पेटी शाळेस गेली.

तात्या म्हणाले, "सूनबाई, तू सांगितलंस याला?"

मार्तंडराव मध्ये पडला. "नाही तात्या. मी तोंडावर विचारलं, तरी एक अक्षर बोलली नाही. वहीत होतं, मी वाचलं."

"तुला कधी दिसलं, सूनबाई?"

कालिंदीबाईने लवंग काढून पदरास बांधिली. म्हणाली, "तुम्ही दांडा उचललात तेव्हाच, तात्या. तेव्हा बोलले असते तर तुम्ही जिंकला असतात. मग नाही बोलले, तर हा हरत होता. मी दोघांशीही गप्प बसले. माझा जीव नुसता वर खाली होत होता."

तात्यांनी वही उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, आपल्या चौकटीतली एक रेघ पाहिली, वरची कोरी चौकट पाहिली. मग त्यांच्या मिशा हलू लागल्या, आणि लोकांस वाटले राग आला, तो हसू होते. म्हणाले, "अरे, वीस वर्षं ही माझ्या घरात आहे. ही बाई तीन चेंडू होईपर्यंत गप्प बसली, याहून मोठा पुरावा कसला मागता? वही खरी आहे. सही कुठं करायची?"

तात्यांची सही जाहली, खाली मार्तंडरावाची सही जाहली. मग तात्यांनी घंगाळ पोरांच्या डोक्यावरून उतरवून स्वहस्ते मार्तंडरावाच्या हाती दिले आणि खिशातले आपट्याचे पान, जे कालपासून कोणास द्यावे न सुचून खिशातच चुरगळले होते, तेही दिले. आणि म्हणाले, "मार्तंडराव, भाऊबीजेला या. तीन वर्षांचं फराळाचं एकदम खावं लागेल." मार्तंडराव बहिणीकडे पाहून लहान पोरासारखा नाक ओढू लागला. आणि कालिंदीबाई तेथून जी बोलावयास लागली ती घरी पोचेतो थांबली नाही, सातही डावांत साठलेले सारे तिने एका दमात बाहेर काढिले.

मग भाऊबीज आली. मार्तंडराव तीनशे पावले चालून आला, पाटावर बसला, आणि कालिंदीबाईने त्यास ओवाळिले. गच्चीवर कोणी गेले नाही. सेवकासही पंगतीचे बोलावणे होते म्हणून पुढचे समक्ष पाहिले ते लिहितो. पाने मांडली, बासुंदी वाढली, मंडळी बसावयास आली. तात्यांनी त्या दिवसापासून घरात फर्मान काढिले होते की, क्रम म्हणजे क्रम, मैदानात सासरा नाही आणि सून नाही, आणि मैदानात सवय राहावी म्हणून घरच्या पंगतीतही शर्वरीचे पान चौथे आणि आपले पाचवे. तात्या आपल्या पानापाशी येऊन उभे राहिले. शर्वरी आली. जुनी सवय, ती दोन पावले मागे सरली आणि म्हणाली, "आधी तुम्ही, तात्या."

सारी पंगत थबकली. कवडे मास्तरही होते, त्यांनी वाटी खाली ठेविली. कालिंदीबाई दारात बासुंदीचे पातेले घेऊन उभी होती. तिने मास्तरांकडे पाहिले, मास्तरांनी मान डोलाविली. मग तिने तीन आठवडे पोटात धरलेले ते वाक्य मोकळ्या आवाजात म्हटले.

"शर्वरी, नंबर तुझा आहे."

शर्वरी बसली. मग तात्या बसले.

येणेप्रमाणे युद्ध अकरा विरुद्ध दहा, फत्ते धाकट्या पेठेची, लवंगा खर्ची पडल्या सात, आठवी अर्धी चावलेली बाईच्या पदरास. शेळ्या चिंचेखालून कायमच्या हद्दपार. खुलासा देणे राहिला तो असा की, मागची तीन वर्षे थोरल्या पेठेची वही लिहिणारा इसम सेवकच होता, आणि दरसाल एक धाव त्याने पेठेच्या प्रेमाने अधिक लिहिली. धाकट्यांच्या लेखकानेही तसेच केले असे तो म्हणतो, पण त्याचे त्याने लिहावे. तीन भाऊबिजा कोणामुळे बुडाल्या हे कालिंदीबाईस ठाऊक आहे, आणि एवढी एक गोष्ट तिने अद्याप कोणास सांगितली नाही.